उत्तर सापडलं, पण सगळी सापडली का? भास्कराचार्यांपासून अभ्यंकरांपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय. आकडे तेवढे नीट मांडले आहेत, कारण आज आकडे बरेच आहेत.

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल: दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं, आणि ती समीकरणं सरळ रेषेची नाहीत. म्हणजे कुठे वर्ग आहे, कुठे गुणाकार आहे. अशा वेळी उत्तर काढायचं कसं? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की एक उत्तर हाती लागल्यावर अजून किती लपून बसली आहेत, हे कळायचं कसं? बाराव्या शतकापासून आजपर्यंत हा प्रश्न माणसांना छळतोय. आणि त्याची वाट आपल्या वाशीम जिल्ह्याच्या अगदी जवळून जाते.

तर सुरुवात इथूनच करू. मंगरूळपीरहून वाशीम काही लांब नाही. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, हे आपल्याला माहीत असतं. पण वत्सगुल्माचं नाव एका गणिताच्या पोथीतही आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. भास्कराचार्यांनी शके ११०५ मध्ये, म्हणजे इ.स. ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना रोजच्या वापरासाठी लागणारं ते ग्रहगणिताचं पुस्तक. त्यात पृथ्वीची मध्यरेषा कुठून जाते हे सांगताना त्यांनी गावांची यादी दिली आहे. त्या यादीत लंका आहे, कांची आहे, वत्सगुल्म आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि शेवटी मेरू आहे. आजही वाशीमला मध्यमेश्वराचं मंदिर आहे आणि तिथूनच मध्यरेषा जाते अशी लोकांची श्रद्धा आहे.

आता आजच्या नकाशावर बघितलं तर ही गावं एका रेषेत येत नाहीत. उज्जैन साधारण ७५.८ अंश पूर्वेला, वाशीम ७७.१ वर, कुरुक्षेत्र ७६.८ च्या आसपास. वाशीम आणि उज्जैन यांच्या स्थानिक वेळेत पाच-साडेपाच मिनिटांचा फरक पडतो. आपल्या मंगरूळपीरचा सहा मिनिटांच्या वर. हसण्यासारखं त्यात काही नाही. त्या काळी रेखांश काढायचा एक मार्ग होता तो चंद्रग्रहणाचा. ग्रहण मध्यरेषेवर कधी लागेल ते गणिताने काढायचं, आपल्या गावात प्रत्यक्ष कधी लागलं ते घटिकापात्राने मोजायचं, आणि दोन्हींमधल्या फरकावरून अंतर ठरवायचं. पाच मिनिटं म्हणजे साधारण तेरा पळं. ग्रहणाचा स्पर्श नेमका कोणत्या क्षणी झाला हे डोळ्यांनी ठरवताना तेवढा फरक सहज पडायचा.

हे भास्कराचार्य म्हणजे आपलेच. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचेच भाग म्हणजे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’. त्यांचं गाव विज्जलवीड नेमकं कुठलं यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण एक दगडी पुरावा पक्का आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे आणि मठाला काय काय द्यायचं हे त्यात सांगितलंय. गणित शिकवण्यासाठी गावाने काय द्यायचं हे मराठीत दगडावर कोरलेलं आहे. मला तर या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

काटकोनातली दोन उत्तरं

आता ‘लीलावती’तलं एक उदाहरण घेऊ. काटकोन त्रिकोणाचा कर्ण १७ आहे. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज २३ आहे. बाजू सांगा.

आजच्या भाषेत ही दोन समीकरणं झाली. एका बाजूला क्ष म्हणू, दुसरीला य.

क्ष + य = २३
क्ष² + य² = २८९

पहिलं समीकरण सरळ रेषेचं, दुसरं वर्तुळाचं. भास्कराचार्यांची रीत अशी: कर्णाच्या वर्गाची दुप्पट करा, ५७८. त्यातून बेरजेचा वर्ग, म्हणजे ५२९, वजा करा. उरले ४९. त्याचं मूळ ७. हा झाला दोन बाजूंमधला फरक. बेरीज २३, फरक ७. मग बाजू ८ आणि १५. झालं.

पण जरा थांबा. रेषा वर्तुळाला छेदते तेव्हा दोन ठिकाणी छेदते. एक ठिकाण क्ष = ८, य = १५. दुसरं क्ष = १५, य = ८. त्रिकोण तोच, फक्त उभी आणि आडवी बाजू यांची अदलाबदल झालेली. म्हणून इथे कुणाला दुसरं उत्तर टोचत नाही. पण प्रत्येक वेळी इतकं सोपं सुटत नाही, आणि हे भास्कराचार्यांना पुरतं ठाऊक होतं.

‘बीजगणिता’त त्यांनी माकडांची दोन उदाहरणं दिली आहेत. पहिलं असं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली १२ डोंगरावर ओरडतायत. एकूण किती? वर्गसमीकरण सोडवलं की उत्तर येतं ४८, आणि येतं १६ सुद्धा. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२, बरोबर ४८. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, बरोबर १६. दोन्ही खरी. भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली, आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं येतात ५० आणि ५. पन्नासाचं ठीक आहे. पण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर उणे २. उणे दोनाचा वर्ग ४, अधिक १, पाच. आकडा जुळतो! तरी भास्कराचार्य म्हणतात, हे दुसरं उत्तर घेऊ नये, कारण उणे माकडं लोकांना पटत नाहीत.

या वाक्यात त्यांनी काय केलंय ते नीट बघा. ‘हे उत्तर नाहीच’ असं ते म्हणत नाहीत. आधी ते उत्तर शोधतात, समोर मांडतात, आणि मग कारण देऊन बाजूला ठेवतात. न सापडलेलं उत्तर आणि सापडून नाकारलेलं उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजच्या भागाचा सगळा जीव या फरकात आहे.

पुन्हा पुन्हा, म्हणजे असकृत्

पण काही समीकरणं अशी असतात की त्यांना रीतच नसते. मूळ काढून एका झटक्यात मोकळं होता येत नाही. अशा वेळी आपल्या ज्योतिर्गणितात एक युक्ती होती. तिला नाव होतं असकृत्कर्म. असकृत् म्हणजे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा.

सूर्यग्रहणाचं गणित घ्या. ग्रहणाची वेळ काढायची तर चंद्राचं लंबन लागतं. लंबन म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून बघताना चंद्र थोडा सरकलेला दिसतो, ते सरकणं. पण लंबन किती, हे ठरवायला वेळ माहीत हवी. वेळेसाठी लंबन हवं, लंबनासाठी वेळ हवी. दोन अज्ञात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. मग जुने गणिती काय करायचे? आधी एक ढोबळ वेळ धरायची, तिच्यावरून लंबन काढायचं, त्यावरून वेळ सुधारायची, सुधारलेल्या वेळेवरून पुन्हा लंबन, असं करत राहायचं. आकडा हलायचा थांबला की ते उत्तर.

आज संगणकावर जे चालतं, तेही मुळात हेच आहे. तुम्हाला हे स्वतः करून बघायचं असेल तर मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरे. एक प्रसिद्ध कोडं घेऊ. रामानुजन शाळेत असताना त्यांच्या मित्राने हे कोडं घातलं आणि त्यांनी ते चुटकीसरशी सोडवलं, असं सांगितलं जातं. पहिल्या संख्येचं वर्गमूळ अधिक दुसरी संख्या बरोबर ७. पहिली संख्या अधिक दुसरीचं वर्गमूळ बरोबर ११. उत्तर आहे ९ आणि ४.

वर्गमुळांनाच क्ष आणि य म्हटलं तर समीकरणं अशी होतात:

क्ष + य² = ७
क्ष² + य = ११

आणि उत्तर क्ष = ३, य = २. आता समजा आपण रामानुजन नाही. असकृत् करू. दुसऱ्या समीकरणावरून क्ष म्हणजे (११ − य) चं मूळ. पहिल्यावरून य म्हणजे (७ − क्ष) चं मूळ. य = ० धरून सुरुवात करा. क्ष येतो ३.३१७. त्यावरून य येतो १.९१९. पुन्हा क्ष ३.०१३, य १.९९७. आणखी एकदा, क्ष ३.००१, य २.०००. पाच मिनिटांत उत्तर तळहातावर.

आता खरी गंमत. वर्गमूळ उणेही असतं ना? मग य काढताना उणे मूळ घेऊन बघा. सुरुवात तीच, य = ०. क्ष ३.३१७, य उणे १.९१९. मग क्ष ३.५९४, य उणे १.८४५. असं करत गाडी थांबते क्ष = ३.५८४, य = −१.८४८ वर. नवीनच उत्तर! क्ष उणे आणि य अधिक घेतलं तर थांबते −२.८०५ आणि ३.१३१ वर. दोन्ही उणे घेतली तर −३.७७९ आणि −३.२८३ वर. एकूण चार उत्तरं झाली.

मूळ कोड्यात वर्गमूळ अधिकच धरायचं असतं, म्हणून तिथे ९ आणि ४ एवढंच उत्तर खरं. बाकीची तीन भास्कराचार्यांच्या उणे माकडांसारखी. पण कोडं बाजूला ठेवून नुसती समीकरणं बघितली तर चारही तितकीच खरी आहेत. हेच समीकरण पुढे अभियांत्रिकीत प्रसिद्ध झालं. डेव्हिड हिमेलब्लाऊ यांनी १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात यावर बेतलेलं फलन दिलं, आणि आजही गणिताचं नवं सॉफ्टवेअर तपासताना हे फलन त्याच्यासमोर ठेवतात.

जिथून निघाल तिथलंच गाठाल

युरोपात काय चाललं होतं? न्यूटनने १६६९ च्या सुमारास सुधारणा करत करत मूळ गाठायची आपली रीत लिहिली. १६९० मध्ये रॅफसनने ती सुटसुटीत केली. आणि १७४० मध्ये थॉमस सिम्प्सनने ती दोन अज्ञातांच्या दोन समीकरणांना लावून दाखवली. ही रीत असकृत्पेक्षा फार वेगवान. उत्तराजवळ पोहोचलात की दर फेरीला बरोबर आलेले अंक जवळजवळ दुप्पट होतात.

पण तिचे दोन दोष आहेत. पहिला असा की ती एका वेळी एकच उत्तर देते, आणि कोणतं देणार हे तुम्ही कुठून सुरुवात केली त्यावर ठरतं. दुसरा, काही जागांवरून ती सुरूच होत नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येक पायरीला १ − ४·क्ष·य या संख्येने भागावं लागतं. क्ष = ०.५ आणि य = ०.५ वरून निघालात तर ही संख्या शून्य. भागाकारच होत नाही, गाडी पहिल्याच पावलावर बंद. आणि शून्याच्या जवळपासून निघालात तर भलतीकडेच उडी.

म्हणजे हजार ठिकाणांहून सुरुवात केली आणि चार उत्तरं मिळाली, तरी पाचवं नाहीच याची खात्री त्यातून मिळत नाही. आंधळ्या कोशिंबिरीत चार गडी हाती लागले म्हणून पाचवा खेळतच नाहीये असं थोडंच आहे?

खात्रीसाठी वेगळंच हत्यार लागतं, आणि ते शाळेतल्या बीजगणिताचं आहे. पहिल्या समीकरणावरून क्ष = ७ − य². हे दुसऱ्यात घाला. क्ष गेला, उरला फक्त य:

य⁴ − १४य² + य + ३८ = ०

चौथ्या घाताचं समीकरण. त्याला चारपेक्षा जास्त मुळं असूच शकत नाहीत. आणि प्रत्येक य ला क्ष एकच. आपल्याकडे चार वेगवेगळी उत्तरं आहेत. म्हणजे सगळी सापडली, पाचवं नाही. इथे शोध थांबवायचा अधिकार आपल्याला मिळाला. याला निरसन म्हणतात, एक अज्ञात काढून टाकणं.

फ्रान्सच्या एतियेन बेझू यांनी १७७९ च्या ग्रंथात याचा सर्वसाधारण हिशेब मांडला. एका समीकरणाचा घात २, दुसऱ्याचाही २, तर छेदबिंदू दोन गुणिले दोन, म्हणजे चार. रेषा आणि वर्तुळ असेल तर एक गुणिले दोन, म्हणजे दोन. पण मोजताना अट आहे: काल्पनिक संख्यांची उत्तरं धरायची, एकावर एक बसलेली वेगवेगळी मोजायची, आणि अनंतावर गेलेलीही सोडायची नाहीत.

अनंतावर म्हणजे काय? पुन्हा ‘लीलावती’कडे या. दोन संख्यांचा फरक ८, त्यांच्या वर्गांचा फरक ४००. संख्या सांगा. ४०० ला ८ ने भागा, बेरीज मिळाली ५०. मग संख्या २९ आणि २१. पण बेझूच्या हिशेबाने दोन उत्तरं हवीत. दुसरं गेलं कुठे? आलेख काढला तर दिसतं की ही रेषा त्या अपास्ताच्या अनंतस्पर्शिकेला समांतर जाते. दुसरा छेदबिंदू अनंतावर निघून गेलाय. हरवलेला नाही, फक्त गावाची वेस ओलांडून गेलाय.

उज्जैनचा मुलगा

आता मध्यरेषेवरच्या त्या यादीतल्या दुसऱ्या गावाकडे चला, उज्जैनला. २२ जुलै १९३० रोजी तिथे एका मराठी कुटुंबात श्रीराम शंकर अभ्यंकर यांचा जन्म झाला. वडील गणिताचे प्राध्यापक. लहानपण ग्वाल्हेरला, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत पदवी, मग हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्या हाताखाली पीएच.डी. नंतर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कित्येक दशकं अध्यापन. बीजभूमितीत जगभर नाव झालं.

बीजभूमिती म्हणजे समीकरणांनी काढलेल्या वक्रांचा अभ्यास, थोडक्यात आजचाच आपला विषय. विसाव्या शतकाच्या मध्यावर या शास्त्राची भाषा फार अमूर्त झाली होती. हाताने निरसन करणं, समीकरणं प्रत्यक्ष सोडवणं, हे जुनाट समजलं जाऊ लागलं. अभ्यंकर त्याविरुद्ध ठामपणे उभे राहिले. १९७६ मध्ये त्यांनी बीजभूमितीच्या इतिहासावर एक लांबलचक लेख लिहिला आणि त्यात हायस्कूलच्या बीजगणिताची बाजू घेतली. त्या लेखाला पुढे १९७८ मध्ये शोवने पारितोषिक मिळालं. त्याच १९७६ साली त्यांनी पुण्यात गणिताची संस्था काढली. तिचं नाव भास्कराचार्य प्रतिष्ठान. पाटणच्या मठानंतर पावणेआठशे वर्षांनी त्याच नावाने पुन्हा एक शाळा.

ते नुसतं जुन्याचं प्रेम नव्हतं. संगणकावर यंत्रांचे भाग आरेखित करायला लागल्यावर वक्र आणि पृष्ठभाग एकमेकांना कुठे कुठे छेदतात हे पक्कं कळायला हवं होतं. एक जरी छेदबिंदू सुटला तरी भाग नीट जुळत नाही. ऐंशीच्या दशकात अभ्यंकरांनी पर्ड्यूमध्येच चंद्रजित बजाज यांच्याबरोबर वक्र आणि पृष्ठभागांवर असंच संगणकी काम केलं. निरसन अडगळीतून पुन्हा कारखान्यात आलं.

आणि एका प्रश्नाने त्यांची पाठ कधी सोडली नाही. १९३९ मध्ये केलर यांनी तो मांडला होता. मघाशी आपण १ − ४·क्ष·य ही संख्या बघितली. ती जागेप्रमाणे बदलते, कुठे कुठे शून्य होते. समजा दोन समीकरणं अशी आहेत की ही संख्या सगळीकडे एकच राहते आणि कधीच शून्य होत नाही. मग उजव्या बाजूला ७ आणि ११ च्या जागी कोणतेही आकडे घातले तरी उत्तर नेहमी बरोबर एकच असेल का? याला जेकोबियन अनुमान म्हणतात. शाळेतल्या मुलाला समजेल असा प्रश्न. अभ्यंकरांनी तो भाषणांतून, लेखांतून जगभर पसरवला, विद्यार्थ्यांना दिला, स्वतः त्यावर वर्षानुवर्षं झुंजले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी ते गेले, तोवर तो सुटला नव्हता.

विचार करा, दोन अज्ञात, दोन समीकरणं, आणि उत्तर किती एवढाच प्रश्न. तो एका पहिल्या दर्जाच्या गणितज्ञाला आयुष्यभर पुरून उरला.

मग आज काय करतात?

बहुपदी समीकरणं असतील तर निरसन आहे, बेझूचा आकडा आहे. पण समीकरणात ज्या, कोज्या आल्या, घातांक आले, तर उत्तरं अनंतही असू शकतात आणि बेझू मदतीला येत नाही. मग एक ठरावीक चौकोन घ्यायचा आणि फक्त त्याच्या आतली सगळी उत्तरं शोधायची. रॅमन मूर यांनी १९६६ च्या पुस्तकात त्यासाठी अंतराळांचं गणित मांडलं. एका संख्येऐवजी ‘इथपासून इथपर्यंत’ असा पट्टा घेऊन हिशेब करायचा. चौकोनाचे तुकडे पाडायचे. ज्या तुकड्यात उत्तर असूच शकत नाही हे सिद्ध झालं तो फेकायचा, उरलेल्यांचे पुन्हा तुकडे. शेवटी हाती जे राहतं त्याच्याबाहेर काही नाही, याची हमी मिळते. पोलिसांनी गावाची नाकेबंदी करून घराघरात शोध घ्यावा, तसं.

आणि नाकारलेल्या उत्तराचं म्हणाल तर ते तुमच्या खिशात आहे. मोबाईल उपग्रहांवरून तुमची जागा काढतो, तेव्हा चार उपग्रहांचे अचूक आकडे घेतले तर समीकरणांना दोन उत्तरं येऊ शकतात. त्यातलं एक साधारणपणे पृथ्वीपासून भलतीकडेच असतं. ते टाकून दिलं जातं आणि पडद्यावर दिसतं मंगरूळपीर. फेकलेलं उत्तर उणे माकडांचंच भावंड.

म्हणून पुढच्या वेळी शाळेतल्या मुलाने एक उत्तर काढून वही मिटली, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. अजून किती आहेत? आणि जे टाकलंस ते का टाकलंस? पहिल्याचं उत्तर काढायला शिकताना बेझूपर्यंत जाता येतं. दुसऱ्याचं भास्कराचार्यांनी ११५० मध्ये देऊन ठेवलंय: आधी मांडा, मग कारण सांगून बाजूला ठेवा.

कॅल्क्युलेटर घेऊन ती चार उत्तरं नक्की करून बघा. एखादी फेरी वेगळ्या आकड्यापासून सुरू करा आणि कुठे थांबते ते कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.